डोकं सरळ ठेव

मुलांनो, एक पडदा डोळ्यांसमोर आणा, ज्यावर वारलेली आई हात लावावा इतकी जवळ दिसते. आइंडहोवनच्या मारिटसाठी तो तिच्या आजोबांनी बनवला होता. पडद्यावर प्रत्येक डोळ्यासाठी आईचं वेगळं चित्र होतं, पण आधी एका डोळ्यासाठीचं चित्र दुसऱ्या डोळ्यात झिरपायचं आणि आईशेजारी तिचीच फिकट सावली दिसायची. आजोबांनी दोन्ही चित्रांच्या प्रकाशाच्या कंपनांना वेगवेगळी दिशा दिली, मारिटच्या चष्म्याच्या काचाही त्याच दिशांना बसवल्या, सावली गेली. पण मारिट आईच्या खांद्याला टेकायला कलली, तशी सावली परतली. “डोकं सरळ ठेव, बाई! काचा कलल्या की प्रकाश ऐकत नाही,” आजोबा म्हणाले. “आईजवळ कुणी ताठ बसतं का, ओपा?” मारिटने विचारलं; ती आजोबांना ओपा म्हणायची. आजोबांनी तिला डब्यातून एकच बिस्किट दिलं आणि नेहमीसारखा डबा बंद केला. मारिटने डबाच पडद्याच्या एका कडेखाली सरकवला. पडद्यासकट आई कलली, तेवढीच मारिटही कलली. सावली आली नाही. मारिट तिथून हललीच नाही.