लापाझचा पडदा

पहिली थप्पड बसली तेव्हा सत्तारच्या तोंडात पान होतं. पिंक उडाली ती थेट गुलाबाच्या बागेवर. बाग पडद्यावरची. केजमधली निम्मी जोडपी सत्तारच्या फोटो स्टुडिओत याच बागेपुढे उभी राहून गेलेली.

"कुठं हाय माझी बहीण?" उत्तरेश्वरने विचारलं आणि मोबाईल त्याच्या नाकापुढे धरला.

फोटोत स्वप्नाली हसत होती. शेजारी अभिमन्यू, सत्तारच्या हाताखाली लग्नांत लाईट धरणारा. मागे दरीत वसलेलं विटकरी घरांचं अख्खं शहर, वर तारेवरून जाणारे लाल पाळणे आणि त्याच्याही वर बर्फाचा डोंगर. तासाभरापूर्वी अभिमन्यूने तो स्टेटसला टाकला होता. 'आम्ही लांब आलो, शोधू नका.' शहाणपणा करायला गेला आणि गाढवपणा करून बसला.

लांब कसले! गुलाबांच्या मागे दुसरा, नवाकोरा पडदा टांगलेला होता, त्याच शहराचा. आणि त्याच्यामागे, भिंतीला पाठ लावून, दोघं उभे होते. चार दिवस इकडेतिकडे लपून सकाळी देवळात हार घालून आले होते. संध्याकाळच्या पुण्याच्या एसटीत त्यांना बसवून द्यायचं, एवढंच सत्तारचं काम उरलं होतं.

उत्तरेश्वरचा चुलतभाऊ अजिनाथ. त्याने तोवर काउंटरखाली, मोरीत, माळ्यावर सगळीकडे पाहिलं. बगलेत रुमालात गुंडाळलेला कोयता. पडद्याकडे त्याने ढुंकूनही बघितलं नाही. बागेतले गुलाब खोटे हे त्याला ठाऊक होतं, त्याचा आणि त्याच्या बायकोचा, मनकर्णाचा, फोटो इथलाच. पण या शहराचं नाव मोबाईलने शोधून दिलं होतं, आणि मोबाईल कशाला खोटं बोलेल?

"लापाझ म्हणतोय ह्यो. कुठं आलं बे हे?" अजिनाथने विचारलं.

"साऊथ अमेरिकेत. बोलिव्हिया देशात हाय," सत्तार म्हणाला. "अभिमन्यूनं पासपोर्ट काढलता. मला बोललाता."

"तू धाडलं त्यांना?"

"न्हाई भाऊ."

लाथ बरगडीत बसली. सत्तार बागेच्या पायथ्याशी कोसळला. अजिनाथने त्याची कॉलर धरून त्याला पुन्हा बसवलं.

"एवढं म्हाईत हाय तर बोल. काय काय हाय तिथं? खोटं असंल तर सांगताना चुकशील."

पडदा निवडताना सत्तारने त्या गावाचे ढीगभर व्हिडिओ पाहिले होते. नव्या जोडप्यांना तो ते हौसेने सांगायचा. आता तोंडातलं रक्त गिळून सांगू लागला.

"एक टेकडी हाय. किली किली म्हणत्यात. तिथनं सगळं गाव दिसतं. लोकं पाळण्यात बसून कामाला जात्यात, आपल्याकडं जीपनं जात्यात तसं. लई उंचावर हाय गाव. दम लागतो." त्याला खरंच दम लागला होता. "बाया घेरदार परकर घालत्यात, आन डोक्यावर गडीमाणसांची गोल हॅट."

"बायांच्या डोक्यावर हॅट? येडा समजतो का बे?"

कोयत्याची मूठ मनगटावर पडली. काहीतरी मोडल्याचा आवाज झाला. पडद्यामागे कुणीतरी हुंदका गिळला, आणि तो ऐकू जाऊ नये म्हणून सत्तार होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडला.

उत्तरेश्वर मात्र मोबाईलकडेच बघत होता. फोटो बोटांनी मोठा करत तो खाली, दोघांच्या पायांपर्यंत आला होता.

"पाय उघडे हाईत तिचे," तो म्हणाला. "तिला थंडी सोसत न्हाई."

अजिनाथने त्याच्याकडे पाहिलं. मग मोबाईल हिसकावून घेतला. "आयला! मागं बर्फ आन हे अनवाणी? कावून बे?"

सत्तारने दाराकडे पाहिलं. स्टुडिओच्या दाराशी पाटी होती, 'चपला बाहेर काढाव्यात'. पडद्याचं खालचं टोक जमिनीवर अंथरलेलं असतं, ते मळू नये म्हणून. केजमध्ये ती पाटी सगळे पाळत. मारायला आलेले हे दोघंसुद्धा चपला काढूनच आत आले होते.

अजिनाथने रुमाल सोडला. कोयत्याचं पातं सत्तारच्या गळ्याला लागलं.

"देवाची जागा हाय ती," सत्तार म्हणाला. "ते लोक डोंगराला देव मानत्यात. दर्शनाला चप्पल चालत न्हाई."

त्या गावाबद्दल सांगितलं त्यातलं चप्पल काढणं तेवढं खोटं होतं. अजिनाथने मान डोलावली. "हां. मग बराबर हाय."

त्याने कोयता पुन्हा गुंडाळला, जाता जाता आणखी एक लाथ घातली आणि बाहेर जाऊन गाडीला किक मारली. "माघारी येतीलच की कधी," तो तिथून ओरडला. "तवा बघू."

उत्तरेश्वर दारात खोळंबला. आत शिरताना रागात भिरकावलेली त्याची एक चप्पल दाराबाहेरच्या बाकाखाली गेली होती. ती काढायला तो वाकला आणि वाकलेलाच राहिला. बाकाखाली, घाईघाईने आत ढकललेल्या, जांभळ्या सँडल होत्या. कपिलधारच्या यात्रेतून त्यानेच स्वप्नालीसाठी आणलेल्या. पट्टा तुटला तेव्हा मोच्याकडे जांभळा दोरा नव्हता. मग त्यानेच म्हटलं होतं, काळा घाल.

त्याने मागे वळून पाहिलं. सत्तार जमिनीवर बसल्या बसल्या, मोडका हात छातीशी धरून, मान हलवत होता. नको. नको.

वारा नसताना गुलाबांची बाग हलत होती.

"चल ना बे!" अजिनाथ ओरडला. "चप्पल गावंना का?"

उत्तरेश्वरने हाताने त्या सँडल आणखी आत, पार भिंतीपर्यंत सारल्या. आपली चप्पल पायात घातली आणि अजिनाथच्या मागे गाडीवर बसला.

"कुणीकडं घेऊ?" अजिनाथने विचारलं.

"घरी," उत्तरेश्वर म्हणाला. "तिथवर आपली गाडी जायची न्हाई."