कॅराव्हॅन ओढणारी गाडी

इंग्लंडमधल्या स्किप्टन गावातलं गाड्यांचं हे चौथं शोरूम, आणि क्लाइव्हला अजून एकही गाडी पसंत पडली नव्हती. एक गाडी त्यांच्या कॅराव्हॅनपेक्षा, म्हणजे गाडीमागे जोडून न्यायच्या चाकांवरच्या घरापेक्षा, हलकी होती; तो म्हणाला, "वारा सुटला की कॅराव्हॅनच हिला हलवेल." दुसरी चढावर दमली असती. त्याच्या बायकोचे, ईनिडचे, पाय दुखायला लागले होते. अडतीस वर्षं दर मे महिन्यात तो कॅराव्हॅन ओढत स्कॉटलंडला न्यायचा आणि ती शेजारी बसून त्याला सँडविच भरवायची. तिला गाडीतलं काय कळतंय, असं तोच म्हणायचा.

शेवटी एका निळ्या डिझेल गाडीपाशी तो थांबला. ती किती वजन ओढते, हे त्याने विक्रेत्याला दोनदा विचारलं. मग ईनिडला म्हणाला, "बस बघू स्टिअरिंगवर. पाय पोचतात का?"

"माझे कशाला पोचायला हवेत?"

"सीट वर घे थोडी. आरशात मागचं नीट दिसतंय?"

"दिसतंय. पण क्लाइव्ह, एवढं धूड मी ओढू? तू शेजारी असताना मला बाजारापर्यंतसुद्धा कधी चालवू दिली नाहीस!"

क्लाइव्ह शेजारच्या सीटवर येऊन बसला. त्याने दार लावून घेतलं.

"सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरांनी लायसन्स परत करायला सांगितलं. उरलीसुरली नजरही वर्षभरात जाईल म्हणे."

ईनिडने स्टिअरिंगवरचे हात काढून घेतले.

"मग कॅराव्हॅन विकून टाकूया का?"

"छे! मेमध्ये जायचंच. तू चालव, आणि बाहेर काय काय दिसतंय ते मला सांगत जा."