वीस सेकंदांचं पाणी

१९ किलोमीटर बाकी

चाक खड्ड्यात आपटलं आणि धम्मदिनाची बाटली उडाली. मागून येणाऱ्या सायकलींनी ती चेपून टाकली. पाच दिवसांच्या शर्यतीचा आज शेवटचा दिवस होता. पाच दिवसांच्या एकूण वेळेत सर्वांत पुढे असणारीची पिवळी जर्सी तिच्या अंगावर होती. दुसऱ्या नंबरवरची मेघाली फक्त अकरा सेकंदांनी मागे.

प्रशिक्षक ओमकार सरांची गाडी बाजूला आली. काच खाली झाली.

"शेवटचे वीस किलोमीटर लागले. आता मलाही पाणी देता येणार नाही. कोणाच्याही हातचं घेतलंस तर वीस सेकंद दंड. कळलं?"

तिने मान हलवली. अकरातून वीस जात नाहीत, एवढं गणित तिला येत होतं. जीभ टाळूला चिकटली होती. मार्चचं ऊन डांबरातून वर येत होतं.

पुढे तिचं गाव होतं.

१४ किलोमीटर बाकी

गावात सकाळपासून ताशा वाजत होता. पंढरीशेठनी आपल्या गोदामापुढे मांडव घातला होता. फलकावर 'आमच्या गावची लेक' म्हणून धम्मदिनाचा फोटो होता. शेजारी दुप्पट मोठा पंढरीशेठचा.

शेठच्या हातात घासून लखलखीत केलेला तांब्या होता. खाडीकाठच्या या पट्ट्यात सगळ्या विहिरी मचूळ. शेठची तेवढी गोड.

"पोरगी उन्हाची येतेय," ते येईल त्याला सांगत होते. "आपल्या विहिरीचं पाणी पिऊन जिंकंल बघा."

सायकली आल्या. पिवळी जर्सी तिसरी. पंढरीशेठ दोरी ओलांडून रस्त्यात उतरले. दोन्ही हातांनी तांब्या पुढे केला. मोबाइल वर झाले.

"घे गो बाय! पाणी घे!"

धम्मदिनाने तांब्या पाहिला. पाण्यावर हलणारं ऊन पाहिलं.

हँडल वळवलं.

तांब्या हिंदकळला. पाणी शेठच्या पांढऱ्या सदऱ्यावर सांडलं. ती गेलीसुद्धा.

१३ किलोमीटर आठशे मीटर बाकी

ताशा थांबला.

"बघितलंत? बघितलंत ना?"

"सगळ्या गावादेखत!"

"अजून जिंकली न्हाय, तर एवढा माज."

"शेठच्या हातचं पाणी! शेठच्या!"

शेठच्या आईने, आक्काने, ओवाळणीचं ताट खाली ठेवलं. "पाण्याला कोण न्हाय बोलतो काय रे? दारात वैरी आला तरी त्याला पाणी इचारतात."

मग कोणाला तरी मंदा दिसली. धम्मदिनाची आई. मांडवापासून लांब, दोरीच्या पार टोकाला उभी. हात पाठीमागे घट्ट धरलेले.

"तू तरी द्यायचंस! पोरगी तहानेनं मरतेय नि तू हात बांधून उभी?"

मंदाने हात तसेच धरून ठेवले. दंडाचा नियम लेकीने तिला फोनवर सांगितला होता. गावाने तिला विचारला नव्हता.

पंढरीशेठ ओला सदरा झटकत होते. "बौद्धवाड्यातल्या पोरीसाठी मांडव घातला मी. मी! आणि ती मला शिकवते? प्रितेश, गाडी काढ. शर्यत संपते तिथं, कशेळीला जाऊन तिलाच इचारतो."

निघताना त्यांनी तांब्या पुन्हा भरून घेतला.

शून्य

कशेळीला शेवटची रेघ मेघालीने आधी ओलांडली. पाच सेकंदांनी. म्हणजे अकरातले सहा उरले. पाच दिवसांची शर्यत धम्मदिनाने जिंकली. ती सायकलवरून उतरली आणि फुटपाथच्या कडेला बसली. तिला बोलता येत नव्हतं.

गर्दीतून वाट काढत पंढरीशेठ पोचले.

"आमच्या पाण्यात काय इख होता का गो?"

ओमकार सर मध्ये पडले. शेवटचे वीस किलोमीटर, दंडाचे वीस सेकंद, पाच दिवसांची मेहनत, सगळं त्यांनी नीट सांगितलं. तो तांब्या घेतला असता तर आज मेघाली जिंकली असती.

शेठचा चेहरा हळूहळू सैल झाला. मग ते मोठ्याने हसले. त्यांचा अपमान झालाच नव्हता.

"असा सांग की! नियम होता होय? मग बरोबर केलंस, पोरी. नियम म्हंजे नियम." त्यांनी कॅमेरेवाल्यांना हाताने जवळ बोलावलं, सदरा सारखा केला आणि तांब्या पुढे धरला. "शर्यत संपली. आता कुठला नियम न्हाय. पी."

आणखी आठ किलोमीटर

धम्मदिनाने तांब्या हातात घेतला. गार होता. ओठ फुटले होते तिचे. तिने तो तोंडापर्यंत नेला.

"मॅडम, एक मिनिट," माइक धरलेली मुलगी म्हणाली. "पायांत एवढी ताकद आली कुठून? सायकल कधीपासून चालवता?"

तांब्या थांबला.

"नऊ वर्षांची होते तेव्हापासून. कॅरियरला दोन कॅन बांधून खारबाव स्टेशनच्या नळावर जायचे. पाणी आणायला. जाऊन-येऊन आठ किलोमीटर. रोज."

मग तिने तांब्या शेठच्या हातात परत दिला. तसाच, भरलेला.

"तुमची विहीर आमच्या घरापासून चाळीस पावलांवर होती, शेठ. तेव्हा कुठला नियम होता?"