वाती वळणारी आई

पोरगी बघायला आलेल्या पोरानं पोरीकडं धड बघितलंसुद्धा नाही, दगडाकडंच बघत बसला. पोरीच्या आजीला, चतुराबाईंना, हे मुळीच आवडलं नाही.

"तिचं नाव तरी इचार रे," त्या म्हणाल्या. "का तेबी दगडालाच इचारतोस?"

रोहित ओशाळून हसला. नाशिकच्या एका कॉलेजात जुन्या मूर्तींबद्दल शिकवतो, असं स्थळाच्या कागदावर होतं. मुलगा घरात सगळ्यांना पसंत होता. हर्षालीलाही. राहिला होता आजीचा होकार, आणि या घरात तो बांधावरच्या आईच्या पाया पडल्यावरच मिळायचा.

आई म्हणजे भाताच्या बांधावरची शेंदूर फासलेली मूर्ती. कमरेपर्यंत जमिनीत. दोन्ही हात छातीशी, बोटाला बोट लावलेलं. आई वाती वळते, असं चतुराबाईंना सासूनं सांगितलं होतं. तिची कंबर काही सासूनंही बघितली नव्हती. मागच्या अवसेला रानडुकरांनी म्हणे भोवतीची माती उकरली, तेव्हा चतुराबाईंनी एकटीनं ती परत लोटली, चोपली, वरून सारवली.

"आजी, ही आई नाही," रोहित म्हणाला. "हे बुद्ध आहेत. वाती नाही वळत, धर्माचं चाक फिरवताहेत. पहिला उपदेश."

"कुणाला?"

"खाली दोन हरणं आहेत ना, चाकाच्या दोन्ही अंगाला. उपदेश हरणांच्या वनात झाला, त्याची खूण." आता तो हर्षालीकडं बघून बोलत होता. तीही डोळे मोठे करून ऐकत होती. "हजार वर्षांची मूर्ती, आणि उजव्या हरणाचं शिंग सोडलं तर कुठं टवका नाही. ही म्युझियममध्ये हवी. लग्नानंतर मी नेईन, जपून."

"लय शिकलेला हायेस," चतुराबाई म्हणाल्या.

हर्षालीच्या वडिलांच्या, कारभारींच्या, जिवात जीव आला. "मग फोडू नारळ?"

चतुराबाईंनी लुगड्याची कनवटी सोडली. सुपारी काढतील असं वाटलं. त्यांनी तळहातावर बोटाच्या पेराएवढा दगड धरला, एका टोकाला ताजा तुटलेला.

"नारळ राहू दे, कारभारी. पोलीस पाटलाला बोलीव."

मग त्या रोहितकडं वळल्या.

"हरणं पुस्तकात असतील बाबा, म्या शाळा नाय पाहिली. पन हे शिंग अवसेच्या सकाळी म्या खड्ड्यातून येचलं, पहारीचा घाव बसल्यालं. माती लोटली अन् कुणाला बोलले नाय. डुकराला म्या नात देत नसते, जावईबापू."