एकच दोर

“हा दोर कोणी बांधलाय?” फांद्या छाटायला चढलेल्या करवतवाल्याने झाडावरूनच विचारलं.

“आमच्या धाकट्याने!” शिडी धरून उभा असलेला थोरला खालून म्हणाला. आवाजात कौतुक होतं, आणि ते उगाच नव्हतं. वादळाचे महिने जवळ आले की शेजारी शेजारी असलेल्या दोन्ही भावांच्या घरांची मिळून सतरा कामांची यादी थोरल्याच्या दारामागे लागायची. पत्र्याचे बोल्ट आवळायचे, खिडक्यांना फळ्या ठोकायच्या, पन्हळी साफ करायच्या. सतरातली पंधरा थोरला स्वतः करायचा. उरलेली दोन धाकट्याच्या मागे लागून करून घ्यायचा, म्हणजे हिशेबाने तीही त्याचीच. यंदा मात्र दोन घरांमधल्या उंच झाडाला धाकट्याने कोणी न सांगता दोर बांधला होता. शेंड्याखालून निघून थोरल्याच्या पत्र्यावरून थेट मागच्या अंगणातल्या लोखंडी खुंटीपर्यंत.

“बघ, सुधारला की नाही?” थोरल्याने तेव्हा बायकोला ऐकवलं होतं.

“थांबा, सूर्य कुठून उगवलाय ते आधी बघते,” ती म्हणाली होती.

करवतवाला खाली उतरला. त्याने खुंटीपाशी जाऊन दोर बोटाने वाजवून पाहिला. तारेसारखा ताणलेला होता.

“मालक, भावाभावांत सगळं बरं आहे ना?”

“का हो?”

“झाड सांभाळायचं तर तीन बाजूंनी दोर लागतात. एकच दोर आम्ही झाड पाडायच्या आधी बांधतो. जिकडे पाडायचं, तिकडे.” त्याने थोरल्याच्या पत्र्याकडे हात केला. “बुंधा आतून पोकळ आहे. उद्या येणाऱ्या वादळात झाड टिकत नाही.”

“मग आजच तोडा!”

“एवढं धूड उतरवायला दोन दिवस लागतात. रस्त्याकडे ओढावं तर विजेच्या तारा. फार तर दोर सोडून देतो. मग ते जाईल ज्या अंगाला झुकलंय तिकडे. धाकट्या मालकांवर.”

थोरल्याला हसू आलं. धाकट्याला धड गाठ मारता येत नव्हती. शाळेत जाताना त्याच्या बुटांच्या नाड्यासुद्धा थोरलाच बांधायचा. चुकला असेल बिचारा. त्याने कुंपणावरून हाक मारली. धाकटा आला. त्याने करवतवाला पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला. चुकलेल्या माणसाचा चेहरा असा उतरत नाही.

“कोणाकडून बांधून घेतलास रे हा?”

“दादा, तू आधी बस.”

“मी उभा बरा आहे. मुद्दाम बांधलास?”

 धाकटा थोरल्याच्या दाराकडे बघत राहिला. दारात आई उभी होती. वडील गेल्यापासून सोळा वर्षं ती थोरल्याकडे राहत होती. धाकट्याकडे जायची ती रविवारी, पाहुणीसारखी. सोळा वर्षांत तिचा सकाळचा चहा नेऊन द्यायचं काम थोरल्याने बायकोवरही सोपवलं नव्हतं.

“त्याला काय दटावतोस?” आई म्हणाली. “माणूस मी बोलावला होता. तू आणि सूनबाई लग्नाला गावाला गेला होतात तेव्हा.”



“आई, अगं, हे आपलं घर आहे.”

“तेही आपलंच. झाड तोडू या म्हणून तीन वर्षं हा तुझ्या विनवण्या करत होता. तू म्हणायचास, सावली जाईल. तिकडे चार लेकरं झोपतात रे. इकडे आपण तीन मोठी माणसं.”

“मग बांधल्यावर तरी सांगायचं! आम्ही तिकडे झोपायला गेलो नसतो का?”

“सांगितलं असतं तर तू दोर सोडायला लावला असतास.”

‘नसता लावला’ असं म्हणायला थोरल्याने तोंड उघडलं.  आईने त्याला पुरतं ओळखलं होतं, की मुळीच ओळखलं नव्हतं, हे त्याला ठरवता येईना. धाकटा मान खाली घालून पायाने माती उकरत होता. लहानपणी काच फुटली की असाच उकरायचा, आणि मार थोरला खायचा.

“मालक, पुढच्या गल्लीत तीन घरं बाकी आहेत,” करवतवाला म्हणाला. “दोर ठेवू की सोडू?”

पलीकडच्या खिडकीत चारही पोरं एकमेकांना ढकलत गंमत बघत होती. सगळ्यात लहानीने काकाला हात केला. थोरल्यानेही केला.

“राहू द्या,” तो करवतवाल्याला म्हणाला. मग धाकट्याकडे वळला. आईकडे त्याने पाहिलं नाही.

“आईची खाट उचल आणि तुझ्या घरी ने. वादळ गेल्यावर परत आणू नकोस.”