बॉडी हजर

फौजदारांनी मुंबईच्या कोर्टाचा इंग्रजी हुकूम वाचला आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

“कधी गेला?” त्यांनी जमादाराला विचारलं.

“कोन, साहेब?”

“गहिनीनाथ. कोर्ट त्याची बॉडी मागतंय.”

गहिनीनाथ त्या वेळी कोठडीच्या गजांना पाठ घासून खाजवत बसला होता. दुष्काळी कामाची पाहणी करायला आलेल्या मोठ्या साहेबापुढं त्यानं मजुरांना खायला मिळणारी सुकडी धरली होती. “एक घास खा, किडं येचून देतो,” एवढंच म्हणाला होता. साहेबानं खाल्ली नाही. दुसऱ्या दिवसापासून गहिनीनाथ सार्वजनिक शांततेला धोका ठरला. गुन्हा काय, असं त्यानं विचारल्यावर फौजदार म्हणाले होते, “गुन्हा असता तर जामीन झाला असता. गुन्हाच नाही, तर सोडू कशातून?”

आता फौजदार गजांपाशी आले. त्याला खालीवर न्याहाळून म्हणाले, “तू जिवंत आहेस?”

“हाय की, साहेब.”

“मग अवघड झालं.”

गहिनीनाथला मात्र हुरूप आला. नगरच्या वकिलानं त्याला सांगूनच ठेवलं होतं, अर्ज लागला की कोर्ट म्हणेल, माणूस पुढ्यात आणा आणि का डांबलाय ते सांगा.

“साहेब, बॉडी म्हंजी मीच,” तो म्हणाला. “जित्ता. कोर्टाच्या इंग्रजीत तसंच म्हनत्यात म्हनं.”

“वकिलाला काय कळतंय बॉडीतलं? हयात गेली माझी विहिरीतून बॉड्या काढण्यात. एक तरी बोलली का, जमादार?”

“न्हाई, साहेब. एक बी न्हाई.”

“कोर्टानं बॉडी मागायची आणि आपण जिवंत माणूस पाठवायचा, म्हणजे कोर्टाचा अवमान. त्यापेक्षा कळवून टाकू. इसम खडखडीत जिवंत आहे, सबब बॉडी हजर करता येत नाही.”

गहिनीनाथनं मनाशी हिशेब केला. असं उत्तर गेलं की कोर्ट कागद मिटणार आणि तो इथंच खडखडीत जिवंत राहणार. त्यानं फौजदारांच्या तोंडाकडं नीट बघून घेतलं. कामावर त्यानं लई दगड फोडले होते. हा फुटणारा नव्हता.

“साहेब,” तो म्हणाला, “मी व्हतो की बॉडी. तुमची नोकरी तरी ऱ्हाईल.”

आणि फरशीवर उताणा होऊन त्यानं डोळे मिटले. फौजदारांनी वाकून त्याचे पाय बघितले. मग म्हणाले, “अंगठे मोकळे आहेत.”

जमादारानं त्याच्या पायाचे अंगठे सुतळीनं बांधले. तेव्हा कुठं फौजदारांचं समाधान झालं.

“उन्हाळा आहे. मुंबईपर्यंत टिकायला पाहिजे. बर्फ मागवा.”

पाण्याच्या टँकरसाठी गावानं अर्जांवर अर्ज केले होते, टँकर काही येत नव्हता. बर्फ दुपारच्या आत आला. भुशात घातलेल्या लाद्या, स्वतंत्र ट्रक. मेलेल्या माणसाच्या बाबतीत सरकार हयगय करत नाही.

लाद्यांवर गहिनीनाथला निजवला, वरून पांढरी चादर टाकली. फौजदार केबिनमध्ये चढले. ट्रक निघणार तेवढ्यात ठाण्यासमोर टँकरची वाट बघत बसलेल्या बायांना फळ्यांमधून पाणी गळताना दिसलं. हां हां म्हणता ट्रकखाली घागरी लागल्या. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. कुणी हललं नाही.

त्या बायांत गहिनीनाथची बायको लंकाबाई होती. नवरा सुटतोय का बघायला आली होती, घागर सवयीनं कडेवर होती. तिनं ती धारेखाली लावली, चाकावर पाय देऊन वर चढली आणि चादरीचं टोक उचललं.

“अवं, ह्यो काय अवतार?”

“कोर्टात चाललोय,” गहिनीनाथ ओठ न हलवता म्हणाला. “गप ऱ्हा. मेलोय मी.”

“मंग सुटनार का?”

“तिथवर बर्फ पुरला तर.”

लंकाबाईनं चादर नीट केली. खाली वाकून घागरीत बघितलं. अर्धी झाली होती आणि धार बारीक पडत चालली होती.

“अवं,” ती हळूच म्हणाली, “जरा कूस बदला. ह्या अंगाचं गळायचं थांबलंय.”

केबिनमधून फौजदारांचा आवाज आला, “बॉडी हलता कामा नये.”

चादरीखाली बॉडीनं कूस बदलली.