कोपऱ्यातला कप

बाकावर शेजारी बसलेल्या तरुणाच्या मांडीवर तिचाच पाठ उघडा होता.

तिचं नाव तेवढं नव्हतं. नावाची ओळ कापून तिथे कुठल्याशा नर्सिंग कॉलेजचा शिक्का बसवला होता. पण झेरॉक्स कितीही फिकट झाली तरी अक्षर तिचं होतं, आणि उत्तराशेजारी कोपऱ्यात काढलेला औषध मोजायचा छोटा कपही तिचाच. पाठ लिहिताना मुलगी तापाने फणफणली होती. तिच्या औषधाचा कप टेबलावर पडला होता, तो हाताला चाळा म्हणून काढला होता.

"हे उदाहरण चुकलंय," ती म्हणाली.

तरुण दचकला. मुलाखतीच्या दाराशी असं कुणी सांगितलं तर कुणीही दचकेल.

"साडेचारशे मिलिग्रॅम हा दिवसभराचा डोस झाला. तो तीन वेळा विभागून द्यायचा, म्हणजे एका वेळी दीडशे. इथे भागायचंच राहिलंय. पोराला तिप्पट औषध जाईल."

"पण मॅडम, सगळीकडे साडेचारशेच आहे."

"सगळीकडे मीच आहे. पाठ माझा, चूकही माझीच. आठवड्याभरात दुरुस्त करून इंटरनेटवर परत टाकला होता. वर लाल अक्षरांत लिहिलंही होतं."

लिहिलं होतं खरं. पण तोवर कॉलेजांनी पाठ उतरवून घेतला होता. वापरा, बदला, इतरांना द्या, असं पाठाखाली तिनेच हौसेने लिहिलं होतं. लोकांनी वापरला आणि इतरांना दिला. बदलायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. फुकट आलेली वस्तू बदलून घ्यायला परत कोण जातं?

तरुणाने पेन्सिलीने साडेचारशेवर काट मारली, शेजारी दीडशे लिहिलं. "बरं झालं तुम्ही भेटलात," तो म्हणाला. तेवढ्यात तिला आत बोलावलं.

इतकी वर्षं तासांवर शिकवून तिची चप्पल झिजली होती. ही जागा कायमची होती, आणि पुढची जाहिरात येईपर्यंत तिचं वय बसणार नव्हतं. आत दोघे होते, कॉलेजचे अध्यक्ष आणि बाहेरून बोलावलेले म्हातारे तज्ज्ञ. अध्यक्षांनी समोरच्या कागदावरून वाचून दाखवलं. पंधरा किलोचं मूल, किलोमागे दिवसाला तीस मिलिग्रॅम, तीन वेळा विभागून. एका वेळी किती?

तिला हसू आवरेना. तिचंच उदाहरण. तिने खडू घेतला आणि फळ्यावर सोडवलं. दीडशे.

अध्यक्षांनी कागद पाहिला, मग फळा. "चुकलं, बाई."

"सर, तुमच्याकडे जुना पाठ आहे. तो मीच लिहिलाय. त्यात भागायचं राहून गेलं होतं."

"हा पाठ आमच्या विभागाने तयार केलाय."

"कोपऱ्यातला कप माझ्या मुलीच्या औषधाचा आहे, सर."

अध्यक्ष हसले. तज्ज्ञ मात्र हसले नाहीत. ते ओठांत पुटपुटत बोटांवर काहीतरी मोजत होते. मोजून झाल्यावर त्यांनी तिच्याकडे पाहिलं, आणि तिला वाटलं, चला, एक तरी माणूस निघाला.

"बाई," ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "दोन परीक्षांत परीक्षक म्हणून आम्ही साडेचारशेलाच गुण दिलेत. मुली पास होऊन कामालाही लागल्या. आता कोणाकोणाला बोलवायचं परत?"

"सगळ्यांना."

तज्ज्ञ चष्मा काढून पुसत बसले. अध्यक्ष म्हणाले, "या तुम्ही. कळवू."

ती बाहेर आली. तिला राग आला होता. त्या दोघांचा आला होताच, पण त्याहून जास्त स्वतःचा, त्या एका न केलेल्या भागाकाराचा. बाकावर बसून ती सर्टिफिकेटं फाइलमध्ये कोंबू लागली.

"काय विचारलं?" तरुणाने विचारलं.

"तेच उदाहरण."

"मग तुम्ही काय लिहिलंत?"

"दीडशे."

"आणि ते काय म्हणाले?"

तिने उरलेली सर्टिफिकेटं आत ढकलली. तरुण थोडा वेळ तिच्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्याने खिशातून खोडरबर काढला आणि दीडशे पुसलं. काटही पुसली. पुसताना तो तिच्याकडे पाठ करून बसला होता, एवढी लाज त्याला होती.

"घरी म्हातारे आईबाप आहेत, मॅडम," तो म्हणाला आणि आत गेला.

दार नीट लागत नव्हतं. आत अध्यक्षांचा आवाज आला, पंधरा किलोचं मूल, किलोमागे तीस. मग खडूचा आवाज. तो भरभर लिहीत होता, कुठे अडला नाही. शेवटी दोन रेघा ओढल्याचं ऐकू आलं. उत्तराखाली दोन रेघा, ही तिची सवय होती.

"साडेचारशे, सर."

"बरोबर."

खडू पुन्हा चालू झाला. आता गोल, सावकाश, काहीतरी जपून काढल्यासारखा. फाइलचा बंद बांधता बांधता तिचा हात थांबला.

"बघा सर," अध्यक्ष तज्ज्ञांना म्हणत होते, "याने कपसुद्धा काढलाय. मघाच्या बाईंना तोही काढता आला नाही."